बाहेरचं माणूस

"आतलं माणूस, बोला!"

हाक मागच्या अंगणातून उठली, शेडच्या पत्र्यावर आपटली आणि रद्दीच्या ढिगापाशी बसलेल्या धाकटीच्या कानात थेट घुसली. जुन्या वहीचा पुठ्ठा उसवणारा तिचा हात तिथेच थांबला.

"झाली सुरू," शेजारची मावशी डोळे वर न करता म्हणाली. "काय गं, तू तुझ्या नवऱ्याला दिवसातून किती हाका मारतेस?"

"कशाला मारू? घरात दोन तर खोल्या."

"मग तुझ्यापेक्षा तीच जास्त मारते. सकाळपासून पंधरा झाल्या."

शेडमधल्या बायका खिदळल्या. धाकटीही हसली. अशा वेळी हसावंच लागतं. पण मावशीचा आकडा चुकला होता, हे तिला ठाऊक होतं. पंधरा नाही, सतरा झाल्या होत्या.

ती कागदाची गिरणी होती. बायका शेडमध्ये रद्दी निवडायच्या, टाचण्या आणि तारा काढायच्या, पुठ्ठा वेगळा, छापील कागद वेगळा करायच्या. मग तो माल भिजून, कुटून त्याचा लगदा व्हायचा आणि अंगणातल्या जमिनीखालच्या टाक्यांत साठायचा. टाकी रिकामी केली तरी तळाशी हातभर गाळ उरायचा आणि कुजायचा. तो खरवडायला माणूस आत उतरवावा लागे. धाकटीचा नवरा तेच काम गेली अकरा वर्षं करत होता. गिरणीत त्याला टाकीवालाच म्हणत. आणि ती घरातली धाकटी सून, म्हणून धाकटी. सासू गेली, थोरली जाऊ वेगळी झाली, तरी नाव काही सुटलं नाही.

टाकीचा नियम कडक होता. एक आतलं माणूस, एक बाहेरचं. आतल्याच्या अंगावर पट्टा, पट्ट्याला दोर, दोर वर तिपाईला बसवलेल्या रहाटावर. बाहेरच्यानं टाकीच्या तोंडापासून हलायचं नाही, काहीही झालं तरी आत उतरायचं नाही. बाहेरचं माणूस म्हणून मुकादमानं वर्षभरापूर्वी एका बाईला नेमलं होतं, ती निव्वळ तिच्या आवाजासाठी. गिरणीचा भोंगा बिघडला तरी चालेल, अशी थट्टा व्हायची. तिचं नावच भोंगाबाई पडलं.

दिसायला ती काही नव्हती. पन्नाशीला टेकलेली, रुंद अंगाची, केस पांढरे, चाल बदकासारखी. धाकटीला तेच जास्त सलायचं. देखणी असती तर मत्सर करायला निदान कारण तरी सापडलं असतं. हिच्यात काय होतं? आवाज होता. आणि धाकटीच्या नवऱ्याचा एक कान पंपाच्या धडधडीनं गेला होता, तरी त्याला तो आवाज लख्ख ऐकू यायचा. धाकटीचा मुळातच बारीक. घरी ती काही बोलली की तो "हं?" म्हणायचा, ती पुन्हा बोलायची, तो पुन्हा "हं?" म्हणायचा, आणि तिसऱ्यांदा ती "काही नाही" म्हणून उठायची. चौदा वर्षांच्या संसारात अशी किती "काही नाही" साठली होती, देव जाणे.

आणि इथं, जमिनीखालून, तो बोलत होता. शेडच्या खिडकीतून शब्द कळत नसत, नुसता घुमलेला आवाज यायचा. पण तो लांबच लांब यायचा. भोंगाबाई टाकीच्या तोंडाशी स्टूल टाकून, मांडीवर टाकीतला विषारी गॅस मोजायचं मीटर ठेवून ऐकत बसायची. मध्येच काही विचारायची. मध्येच हसायची.

एकदा नळावर दोघींची गाठ पडली. भोंगाबाई बाटली भरता भरता सहज म्हणाली, "तुझा नवरा लहानपणी विहिरीत पडला होता ना गं? तरी टाकीत उतरतो, म्हणजे जिगरबाज म्हणायचा."

"हो ना," धाकटी म्हणाली. तिला यातलं अवाक्षर माहीत नव्हतं.

"आणि तुला म्हणे आंबट अजिबात चालत नाही."

आता मात्र धाकटीच्या अंगाचा तिळपापड झाला. स्वतःचं सांगतो ते सांगतो, वर माझंही वाटून टाकतो? बाटली अर्धीच भरली होती, तशीच घेऊन ती निघाली.

संध्याकाळी तिनं नवऱ्याच्या चांगल्या कानाच्या बाजूला बसून विचारलं, "तुम्ही विहिरीत पडला होता?"

"कोण म्हणालं?"

"असंच. पडला होता का?"

"होतो. सातआठ वर्षांचा असेन."

"मला कधी सांगितलं नाहीत."

"तू कधी विचारलं नाहीस."

"तिनं विचारलं वाटतं."

"ती विचारतच असते," तो बूट सोडवत म्हणाला. "तिचं कामच आहे ते."

दुसऱ्याच्या नवऱ्याला विहिरीचं विचारायचं, हे कुठलं काम? धाकटीनं पुढं काही विचारलं नाही. पण ती स्वयंपाकाची भांडी घासत होती तेव्हा आतल्या खोलीत त्याला भांडं भांड्यावर आपटल्याचे आवाज एका कानानंही ऐकू गेले असतील.

मुकादम तिचा माहेरकडून लांबचा मामा लागायचा. कामावर तिनं हे नातं कधी वापरलं नव्हतं. त्या आठवड्यात वापरलं. हजेरीच्या खोलीत तो एकटा आहे असं बघून ती दारात उभी राहिली.

"मामा, त्या बाईला टाकीवरनं हलवा."

"का गं? काम चोख करते ती."

"लोक बोलतात."

मुकादमानं चष्मा कपाळावर चढवला. "काय बोलतात?"

"काय बोलायचं ते बोलतात. मला शेडमध्ये मान वर करायची सोय उरली नाही."

लोक काही बोलत नव्हते. मावशी थट्टा करायची, तीही तोंडावर. पण एकदा तोंडातून गेलेलं धाकटीनं मागं घेतलं नाही. मुकादमाला गिरणीत भानगड नको होती. फाटकावरच्या नानांचे गुडघे उभं राहून राहून धरत होते, त्यांना बसायचं काम हवंच होतं. दोन दिवसांत अदलाबदल झाली. नाना टाकीवर आले. भोंगाबाई शेडमध्ये आली, आणि मावशीनं सरकून तिला जागा दिली ती नेमकी धाकटीच्या बाजूला.

नाना म्हणजे सरळ माणूस. चार महिन्यांनी निवृत्त होणार होते. त्यांना मीटर हातात दिलं, स्टूल दाखवलं, "हलायचं नाही" म्हणून सांगितलं, आणि त्यांचं शिक्षण संपलं. पहिले तीन दिवस अंगणातून एकही हाक आली नाही. शेडमध्ये किती छान शांतता होती! धाकटीला गाढ झोप लागू लागली. नवरा घरी येऊन पूर्वीसारखाच गप्प बसायचा, पण आता तो दिवसभरही गप्पच असतो हे माहीत असल्यामुळे तिला ते गोड वाटायला लागलं.

भोंगाबाईला रद्दी निवडता येत नव्हती. मेणकागद ती साध्या कागदात टाकायची. तिचे डोळे सारखे खिडकीकडे जायचे. चौथ्या दिवशी सकाळी न राहवून ती म्हणाली, "ए, तुझ्या नवऱ्याला एक सांगशील?"

"काय?"

"दुपारी जेवून आल्यावर मीटर पुन्हा लावायला सांग. सकाळचा आकडा दुपारी धरायचा नाही. गाळ ढवळला की त्यातनं नवा गॅस निघतो. आणि जेवायला गेलं तरी हवेचा पंखा चालूच ठेवायचा. नानांना कुणी सांगितलं की नाही, देव जाणे. मी मुकादमाला म्हटलं, तर तो म्हणाला तू तुझी रद्दी बघ. तुझा नवरा शहाणा आहे, पण दुपारनंतर त्याला घाई होते. मला माहीत आहे ना."

मला माहीत आहे ना. धाकटीनं पुठ्ठा इतक्या जोरात ओढला की तार तिच्या बोटात घुसली.

"सांगते," ती म्हणाली.

त्या संध्याकाळी ती दोनदा त्याच्या चांगल्या कानाशी जाऊन बसली. सांगायचं तर कुणी सांगितलं हेही सांगावं लागणार. इतकं करून जिला दाराबाहेर घालवलं, तिला आपणच नावानिशी घरात आणायचं? उद्या सांगू, असं तिनं ठरवलं. एका दिवसानं काय होतंय.

दुसऱ्या दिवशी दुपारची सुट्टी संपल्याची घंटा झाली. बायका ढिगाशी येऊन बसल्या. भोंगाबाई बसली नाही. मान तिरकी करून उभी राहिली.

"पंखा ऐकू येत नाही," ती म्हणाली.

"काय?"

"टाकीचा पंखा बंद आहे."

तेवढ्यात अंगणातून नानांचा आवाज आला. "अहो! ओ टाकीवाले!" पुन्हा एकदा, घाबरून, "अहो!" आणि मग काही नाही.

भोंगाबाई एवढी जोरात पळू शकते हे त्या दिवशी शेडला कळलं. धाकटी तिच्या मागून धावली. टाकीच्या तोंडाशी स्टूल रिकामं होतं. शिडीच्या डोक्याशी नानांच्या चपला काढून ठेवलेल्या होत्या, जोडीनं, उंबऱ्याशी ठेवाव्यात तशा.

खाली दिव्याच्या पिवळ्या उजेडात धाकटीचा नवरा गाळात गुडघ्यांवर कोसळलेला होता. पट्टा आणि दोर होता म्हणून तेवढा तरी वर धरला गेला होता. त्याच्या पायाशी नाना पालथे पडले होते. त्यांच्या अंगावर ना पट्टा होता ना दोर. टाकीवाला पडताना दिसला आणि म्हातारा होता तसा खाली उतरला. नाकाला कुजकट वाससुद्धा आला नसेल. तो गॅस जास्त झाला की आधी नाकाची वास घ्यायची ताकदच मारतो.

धाकटीनं एक पाय शिडीवर टाकला. पाठीमागून तिला कंबरेला मिठी बसली आणि ती उताणी जमिनीवर येऊन पडली.

"सोडा! माझा नवरा आहे तो!"

"आत जायचं नाही!"

"तुमचं कोण आहे आत? सोडा मला!"

भोंगाबाईनं तिच्या खाडकन थोबाडीत मारली. मग तिचे दोन्ही हात धरून रहाटाच्या दांड्यावर ठेवले. "फिरव! तू आत गेलीस तर तिसरी पडशील. त्याला दोर आहे. फिरव हा दांडा!"

धाकटी फिरवू लागली. भोंगाबाईनं पंख्याचा खटका दाबला, त्याची जाड नळी खाली सोडली, आणि मग तिनं जी आरोळी ठोकली तिच्यासरशी गिरणीची सगळी यंत्रं एकेक करून थांबली. दोर इंचाइंचानं वर येत होता. धाकटीच्या तळहातांची सालं निघत होती, तिला ते कळतही नव्हतं. आधी डोकं दिसलं, लुळं पडलेलं. मग खांदे. दोघींनी त्याला ओढून लांब मोकळ्या हवेत नेला.

"श्वास आहे," भोंगाबाई म्हणाली. "कुशीवर वळव. इथंच बस."

ती स्वतः तोंडाशी परतली. धावत आलेल्यांपैकी दोघेजण शिडीकडे झेपावले. ती हात पसरून आडवी उभी राहिली आणि तिनं त्यांना अशा शिव्या घातल्या की ते मागं हटले. पाठीवर हवेची नळकांडी बांधलेली माणसं यायला बारा मिनिटं लागली. ती बारा मिनिटं ती वाऱ्याच्या अंगाला गुडघे टेकून बसली होती आणि हाका मारत होती. "नाना, बोला! नाना! अहो नाना, बोला!"

नाना बोलले नाहीत.

ती आत गेली नाही. धाकटी नवऱ्याचं डोकं मांडीवर घेऊन लांबून बघत होती. आत न जाणं म्हणजे काय असतं, ते तिनं त्या पाठीवर पाहिलं.

तिसऱ्या दिवशी इस्पितळात नवरा नीट शुद्धीवर आला. घसा भाजल्यासारखा झाला होता. "कुणी काढलं मला?" त्यानं विचारलं.

धाकटीच्या दोन्ही हातांना पट्ट्या होत्या. तिनं ते पाठीमागं घेतले. "भोंगाबाईनं," ती चांगल्या कानात म्हणाली.

त्याचा चेहरा सैल झाला. एवढं सगळं होऊनही ते बघून तिला सललंच. आपण किती हलके आहोत याची तिला तेव्हा शरम वाटली, पण सल काही गेला नाही.

"आणि नाना?"

तिनं मान हलवली. त्यानं डोळे मिटले. तसे मिटलेले असतानाच तिनं सगळं सांगून टाकलं. मुकादमाकडे जाऊन काय बोलली ते, भोंगाबाईनं काय निरोप दिला होता तोही. बारीक आवाजातच सांगितलं, पण या वेळी तो एकदाही "हं?" म्हणाला नाही.

मग तो म्हणाला, "ती मला पाढे म्हणायला लावायची."

"पाढे?"

"आत डोकं जड झालं की आपलं आपल्याला कळत नाही. बाहेरच्याला बोलण्यावरनं कळतं. एकोणतिसाचा पाढा चुकला की ओढायची वर. पाढे तरी किती म्हणणार? मग विचारायची काहीबाही. बोलणं अडखळलं की संपलं काम त्या दिवसापुरतं."

"मला का नाही सांगितलंत कधी?"

"सांगितलं असतं तर तू मला टाकीत जाऊ दिलं असतंस?"

तो भिंतीकडे तोंड करून वळला.

पुढच्या आठवड्यात तपासासाठी बाहेरून एक अधिकारी बाई आल्या. हजेरीच्या शेजारच्या खोलीत एकेकाला बोलावत होत्या. धाकटीचं नाव यादीत नव्हतं. मुकादमानं तिला आदल्याच दिवशी बाजूला घेतलं होतं. "तू मध्ये पडू नकोस. पंखा नानांनी बंद केला, मीटर नानांनी लावलं नाही, नाना नियम मोडून उतरले. एवढं लिहिलं की मिटलं. गेलेल्या माणसाला त्याचं काय?"

धाकटी रांगेच्या शेवटी जाऊन उभी राहिली.

आत गेल्यावर तिनं बसायला नकार दिला. "नानांची चूक नाही," ती म्हणाली. "त्यांना कुणी काही शिकवलं नव्हतं. आणि त्यांना तिथं बसवलं ते माझ्या बोलण्यावरनं." मग तिनं सांगितलं. खोटं काय बोलली ते, का बोलली ते, निरोप का पोचवला नाही ते. अधिकारी बाईंनी मध्येच लेखणी थांबवली.

"तुम्ही कुणाकडे तक्रार केलीत म्हणून न शिकवलेला माणूस टाकीवर बसवायचा नसतो. ती जबाबदारी गिरणीची. तुमचं खाजगी मी लिहिलंच पाहिजे असं नाही."

"नियमाचं मला कळत नाही," धाकटी म्हणाली. "घडलं तसं लिहा. नानांच्या नावावर काही राहायला नको."

बाईंनी लिहिलं, वाचून दाखवलं. पट्टी बांधलेल्या हातानं धाकटीनं सही केली. ती वाकडीतिकडी आली.

बाहेर ओसरीवरच्या बाकावर नानांची बायको बसली होती. पुढचा नंबर तिचा होता. हाडकुळी, ताठ बसलेली. नानांच्या कपाटातलं सामान तिला कुणीतरी कापडी पिशवीत भरून दिलं होतं आणि ती पिशवी तिनं शेजारी ठेवली होती. धाकटीला पाहून तिनं पिशवी उचलून मांडीवर घेतली.

"बस बाई. उभी का? तुझा माणूस बरा आहे ना आता?"

"बरा आहे."

"चांगलं झालं. एक तरी वाचला. हे सारखे म्हणायचे, तुझा नवरा मोठ्या आदरानं बोलतो म्हणून." तिनं बाकावरची मोकळी जागा हातानं झटकली. "बस की."

धाकटी बसली नाही. आत गेल्यावर तो कागद हिला वाचून दाखवतीलच. परक्याच्या तोंडून, परक्या शब्दांत. तिनं तिच्या समोर उकिडवं बसून, अगदी जवळून, आपल्या बारीक आवाजात सगळं पुन्हा सांगितलं. नानांना चूक ठरवणार होते, आता ठरवणार नाहीत, हेही सांगितलं, पण शेवटी, घाईनं.

नानांची बायको समोर अंगणाकडे बघत राहिली. मग तिनं मांडीवरची पिशवी उचलली आणि बाकावर, मघाशी हातानं झटकलेल्या त्या जागेवर, नीट ठेवली.

धाकटी उठली आणि खांबाशी जाऊन उभी राहिली.

थोड्या वेळानं आतून हाक आली. म्हातारी उठायला गेली आणि तिचा तोल गेला. धाकटीनं हात पुढं केला. म्हातारीनं भिंत धरली, क्षणभर थांबून श्वास घेतला आणि भिंतीच्या आधारानंच आत गेली. पिशवी बाकावरच राहिली होती. तिला कुणी हात लावू नये म्हणून धाकटी ती परत येईपर्यंत तिथंच उभी राहिली.